दोन्ही हात वर, बाई

बत्तीस वर्षं मी मराठी शाळेत पोरांना "हात वर करा" असं सांगत आले. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी सव्वासात वाजता, भर गल्लीत, हातात दुधाची पिशवी असताना एक माणूस माझ्यापुढे आडवा उभा राहील आणि "दोन्ही हात वर, बाई" असं मलाच फर्मावेल, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर त्याला मी तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं असतं.

हा माणूस म्हणजे आमच्या वडगावातले परशूअण्णा. माझ्या घरापासून चौथं घर त्यांचं. मोठा वळसा घातल्याशिवाय ते चुकवून दूध आणायला जाता येत नाही, ही माझी अडचण.

"अहो, हातात पिशवी आहे."

"द्या हिकडं. मी धरतो."

पिशवी जाते. हात वर जातात. मग दुसरी आज्ञा होते, "आता हसा."

आता मला सांगा, सकाळी सव्वासात वाजता कुणाला हसू येतं? त्यातून मी मुख्याध्यापिका होते. हसणं हे माझ्या कामात कधीच बसलं नाही. पण दात दाखवल्याशिवाय दूध परत मिळत नाही. मी ओठ ताणते. अण्णा मान तिरकी करून, डोळे बारीक करून माझ्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांकडे असे बघतात, की साडीत कुठे धागा चुकलाय का ते तपासतायत असं वाटावं. मग तिसरी आज्ञा.

"म्हणा, वडगावचा ताणा, शापूरचा बाणा."

ताणा म्हणजे उभा धागा, बाणा म्हणजे आडवा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि शहापूर हे आमचं शेजारचंच उपनगर, तिथेही घरोघर माग. पण हे असलं निरर्थक वाक्य मी, जिने दोन पिढ्यांना शुद्ध वाचायला शिकवलं, रस्त्यात उभं राहून का म्हणायचं?

"मोठ्यानं म्हणा बाई. ऐकू येत न्हाय."

मी मोठ्यानं म्हणते. समोरच्या घरातली पोरं खिदळतात. मग निकाल लागतो. "डावं-उजवं सारकं हाय. जीभ बी वळतीया. जावा." आणि पिशवी माझ्या हातात येते.

नुसतं एवढंच असतं तरी मी सोसलं असतं. पण हा सगळा प्रकार त्यांच्याच खिडकीपुढे व्हायला लागतो. मी गल्लीच्या पलीकडच्या कडेने निसटायला बघितलं, की अण्णा हात करतात, "हिकडं या, हिकडं. हितं उजेड हाय." तिथे कसला आलाय उजेड? समोर तिमजली इमारत उभी राहिल्यापासून त्या खिडकीवर दहा वाजेपर्यंत ऊन पडत नाही. हे मी त्यांना एकदा सप्रमाण दाखवून दिलं. "असूद्या," म्हणाले, "हितंच बरं पडतंय."

अण्णा अडुसष्ट वर्षांचे. अंगाने काटकुळे. खाकी रंगाचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर. सगळी उमर त्यांनी यंत्रमागावर जॉबर म्हणून काढली. माग बंद पडला की जो माणूस धावत येऊन तो सुरू करतो, तो जॉबर. वडगावातला कुठलाही माग त्यांनी नुसता बाहेरून ऐकावा आणि सांगावं, याचा पट्टा ढिला झालाय, त्याचं दातं झिजलंय. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. दिवसातून चार वेळा तरी ते माझ्या कानावर पडतं.

"मशीन बंद पडायच्या आधी आवाज देतंय बाई. ऐकणारा पायजे."

पूर्वी हे वाक्य मागांबद्दल असायचं. गेली तीन वर्षं ते आमच्याबद्दल असतं. म्हणजे गल्लीत पन्नाशी ओलांडलेलं जे कुणी आहे, त्या सगळ्यांना अण्णांनी आपल्या ताब्यातलं मशीन म्हणून धरलं आहे. आणि आम्ही सगळे आवाज देतोय असा त्यांचा ठाम समज आहे.

त्यांच्याकडे रक्तदाब मोजायचं यंत्र आहे. चिंध्यांच्या पिशवीत घालून ते खांद्याला लावून फिरतात. यंत्र आणलं त्याच दिवशी त्यांनी ते पूर्ण खोललं, आत काय आहे ते बघितलं आणि परत जोडलं. तेव्हापासून माझा त्यावर विश्वास नाही. माझा आकडा नेहमी वर दाखवतं. मी म्हटलं, "तुमचं यंत्रच बिघडलंय." ते म्हणाले, "मग माझा का बरोबर दावतंय?" असं बोलणाऱ्या माणसाशी काय वाद घालायचा?

आणि मीठ. मिठाचं नाव काढलं की हा शांत माणूस लालबुंद होतो. आमच्या कोपऱ्यावर भजीची गाडी लावणारी बाई कानडी बोलते. अण्णांनी तिच्यासाठी एक वाक्य तयार ठेवलं आहे, "उप्पु कडिमि माड्री." म्हणजे मीठ कमी करा. तिने एकदा त्यांना कानडीतून जे काय सुनावलं ते मला सगळं समजलं, पण इथे लिहिण्यासारखं नाही. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तेच वाक्य परत म्हटलं.

माझ्या घरात त्यांनी काय केलं ते सांगते. मी एकटी राहते. मुलगा पुण्याला, यजमान जाऊन सात वर्षं झाली. एकट्या बाईला सैपाकाचा कंटाळा येतो. चार घास भात, वर तूप, बाजूला लिंबाचं लोणचं आणि दोन पापड, झालं जेवण. अण्णा एक दिवस चाळण मागायला आले आणि माझ्या ताटाकडे बघून दारातच थिजले.

"हे काय खाउलालासा?"

"जेवतेय."

"हे जेवाण न्हवं बाई, हे मिठागार हाय."

आणि त्यांनी माझी लोणच्याची बरणी उचलली. माझी बरणी, माझ्या घरातून, माझ्यादेखत. त्या बदल्यात संध्याकाळी एक काकडी आणि मुळ्याची जुडी आणून ठेवली. मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, त्यांचं बरोबर आहे." मी फोन ठेवून दिला.

संध्याकाळी पाच वाजता ते म्हाताऱ्यांची एक फलटण घेऊन येळ्ळूर रस्त्याला चालायला निघतात. मला त्यात ओढायला त्यांना चार महिने लागले. चालायचं कसं याचेही नियम आहेत. "चालताना बोलता यायला पायजे, पण भांडता येऊ नये, असं चालायचं." मी त्यांना चालता चालता भांडून दाखवलं. त्यावर त्यांनी वेग वाढवला. भाताच्या शेतांपर्यंत गेल्याशिवाय परत फिरायचं नाही. वाटेत कट्ट्यावर बसलं, तर अण्णा शेजारी उभे राहून एवढे उसासे टाकतात, की बसण्यात राम राहत नाही.

गोळ्यांची चौकशी तर कुठेही होते. भाजीच्या बाजारात, बँकेच्या रांगेत, एकदा तर मयतीत. "बाई, रक्तदाबाची गोळी घेतलासा?" लोक वळून बघतात. मी हो म्हणते. खरं सांगायचं तर दर वेळी घेतलेली असतेच असं नाही. बरं वाटत असताना गोळी कशाला, हे माझं मत. पण ते मी अण्णांना सांगायला वेडी नाही.

गल्लीतले लोक मात्र त्यांना काही बोलत नाहीत. रात्री-अपरात्री माग अडला की अजूनही सगळे त्यांच्याच दारात जातात, आणि ते येतात. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट सारखी खुपत असे, आणि ती मी माझ्यापुरती बोलूनही दाखवत असे. त्यांच्या बायकोच्या, शांताक्कांच्या, अंगावरून तीन वर्षांपूर्वी वारं गेलं. उजवा हात आणि पाय गेला, बोलणं बंद झालं. सुरुवातीला आम्ही सगळ्या भेटायला गेलो. त्या भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या, कुणी आलं की डोळ्यांना पाणी यायचं. मग अण्णांनीच हात जोडून सांगितलं, "नका येऊ. तिला सोसत न्हाय." आम्ही जायचं बंद केलं. मला राग यायचा तो याचा. घरात बायको अशी पडलेली, आणि हा माणूस सकाळ-संध्याकाळ गावाचे ओठ आणि दंड तपासत फिरतोय. आधी घरात बघावं की माणसाने.

आता मुख्य प्रकाराकडे येते, कारण तो आठवला की अजून माझं डोकं तापतं.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. बहिणीचं घर लहान, म्हणून कार्य माझ्याकडे ठरलं. मुलाकडची मंडळी निपाणीची. मुलाचे मामा त्यांच्यातले मोठे, तंबाखूचे जुने व्यापारी, देहाने भरभक्कम, शब्दाने वजनदार. त्यांनी होकार दिला म्हणून सोयरीक जमली होती. मी घर धुऊन काढलं होतं. अण्णा सकाळपासून राबत होते. मांडवाचे खांब त्यांनी रोवले, पंखा त्यांनी दुरुस्त केला, पाण्याचं बघितलं. पंगत बसली तेव्हा मला म्हणाले, "वाढायला मी येतो बाई. डावी बाजू माझ्याकडं द्या."

तिथेच मी शहाणं व्हायला हवं होतं. पानाची डावी बाजू म्हणजे मीठ, लिंबू, लोणचं, चटणी.

मी आत पुऱ्या बघत होते. बाहेरून नेहमीचा गलका ऐकू यायच्या ऐवजी हळूहळू शांतता पसरायला लागली. मी डोकावले. अण्णा हातात मिठाचं भांडं घेऊन पंगतीतून चालले होते आणि प्रत्येक पाहुण्याला विचारत होते, "वय काय?" तिशीतल्या पोरांना चिमूटभर मिळत होतं. चाळिशीला त्याच्या निम्मं. पन्नाशीच्या पुढे नुसतं लिंबू. लोणचं तर त्यांनी भांड्यातच ठेवलं होतं. मुलाच्या आत्याने स्वतःचं वय सांगायला नकार दिला, तर अण्णा दोन क्षण तिच्या गळ्याकडे बघून म्हणाले, "लिंबू." त्या बाई नंतर माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत.

मी धावत बाहेर येईपर्यंत ते मामांपुढे पोचले होते. मामांनी जेवायला बसण्याआधी तंबाखूची चांदीची डबी पाटाशेजारी काढून ठेवली होती. अण्णांनी वाकून ती उचलली आणि खिशात टाकली, स्क्रूड्रायव्हरच्या शेजारी.

"काय हो हे?" मामा म्हणाले.

"पावनं, तुमचं तोंड जरा लाल दिसालंय. दोन्ही हात वर करा बघू."

सगळी पंगत जेवायची थांबली. मामा थक्क होऊन बघत राहिले. त्यांनी हात वर केले की नाही मला आठवत नाही, पण अण्णा पुढे म्हणाले, "आता हसा," ते मला स्पष्ट आठवतं. आणि मामा हसले नाहीत, हेही.

मामा पानावरून उठले. पुऱ्या तशाच, श्रीखंड तसंच. मुलाची आई रडायला लागली, माझी बहीण रडायला लागली, आणि अण्णा मामांच्या मागे मागे मांडवाबाहेरपर्यंत सांगत गेले, "म्हणून तरी बघा, वडगावचा ताणा, शापूरचा बाणा." सोयरीक त्या दिवशी कशी टिकली ते आमचं आम्हाला ठाऊक. नवऱ्यामुलाने मध्ये पडून सांभाळलं, म्हणून साखरपुडा झाला. संध्याकाळी मामांचा निपाणीहून फोन आला. ते फक्त एवढंच म्हणाले, "माझी डबी पाठवून द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अण्णांकडे निघाले. सकाळी दुधाला मुद्दाम दुसऱ्या गल्लीतून गेले होते. काय बोलायचं ते सगळं मनात तयार होतं. यापुढे माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही. मला रस्त्यात अडवायचं नाही. माझी बरणी परत द्यायची. आणि आधी स्वतःच्या बायकोकडे बघायचं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून मागाचा आवाज येत होता. यंत्रमागाचा नव्हे, हातमागाचा, मध्येच थांबणारा. अण्णांच्या वडिलांचा तो जुना माग अजून चालू असेल असं मला वाटलं नव्हतं. मी दार ढकललं.

खिडकीला लागून शांताक्कांचा पलंग होता. त्याच खिडकीला, जिच्याबाहेर आम्हाला उभं केलं जातं. शांताक्का पलंगावर नव्हत्या. त्या एका बुटक्या खुर्चीत बसल्या होत्या, कमरेला पट्टा बांधून, आणि पुढ्यात रहाट होता. आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या मागाच्या धोट्यात जी कांडी बसते ती या रहाटावर धाग्याने भरायची असते. विणकराच्या घरात हे काम बाईचं. शांताक्का डाव्या हाताने रहाट फिरवत होत्या. अख्खा रहाट उलटा करून बसवला होता, मूठ डावीकडे, कांडी जिच्यावर फिरते ती चाती उजवीकडे, आणि धागा धरायला उजव्या हाताच्या जागी तारेचा एक आकडा बसवलेला. जॉबरचं काम होतं ते, बघताक्षणी कळत होतं.

धागा तुटला. अण्णा मागावरून उठले, खाली बसले, गाठ मारली, आणि काही न बोलता परत मागावर गेले. माझ्या डोळ्यांदेखत असं चार वेळा झालं. भरलेल्या कांड्या बाजूला परडीत होत्या, कुठे फुगलेल्या, कुठे सैल. कुठल्याही मागवाल्याने त्या उचलून बाहेर फेकल्या असत्या. वडगावात सुताच्या बाबतीत अण्णांइतका कडक माणूस नव्हता. सैल कांडी दिली म्हणून त्यांनी माणसं कामावरून परत पाठवलेली मला माहीत आहेत. आणि तेच अण्णा त्या कांड्या एक एक करून धोट्यात घालत होते आणि विणत होते. कापडाची कड वाकडीतिकडी चालली होती. कुणी विकत घेईल असं ते कापड नव्हतंच.

मी तरीही बोलले. तयार केलेलं वाया कशाला घालवायचं? पंगत, मामा, आत्या, बरणी, सगळं काढलं. शेवटचं वाक्य मात्र, बायकोकडे बघायचं, ते राहून गेलं. अण्णा मागावर हात ठेवून ऐकत होते.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "पण बाई, त्या पावण्याचं तोंड बघून मला ती सकाळ आठवली."

"कुठली सकाळ?"

त्यांनी शांताक्कांकडे बघितलं. शांताक्कांनी रहाट थांबवला होता.

"त्या दिवशी ती हितंच कांड्या भरत बसलती. मी मागावर. धागा सारका तुटालता. मी वरडलो, नीट धर म्हणून. ती म्हणाली, धरलंयच की. मग मी कांडी बघितली, तर एका अंगाला गच्च, एका अंगाला सैल. मला वाटलं, रहाटाची चाती वाकलीया. तिला म्हटलं, ऊठ, तिकडं बस. चाती काढली, ठोकून सरळ केली. चाकाची दोरी, माळ, बदलली. तेल घातलं. कान लावून ऐकलो. तीन तास घालवलं बाई. मग तिला परत बसवलो, फिरीव म्हटलं. परत तुटला. तवा कुठं मी मान वर करून तिच्याकडं बघितलं. तोंड वाकडं झालतं. कवाचं झालतं कुणाला ठाव. माझ्यापासनं दोन हातावर बसलती."

मी मागापासून रहाटापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं.

"आख्खं वडगाव म्हणतंय, परशूला मशीनचा आवाज कळतोय. मी तीन तास रहाटाचा आवाज ऐकत बसलो. रहाट बिघडलाच न्हवता. दवाखान्यात डॉक्टरांनी पयलं हेच इचारलं, कवापासनं? मला सांगायची लाज वाटली. मग सांगितलं. ते रागावलं न्हाईत. नुसतं घड्याळाकडं बघितलं, सुई द्यायची येळ टळली म्हणाले. हात वर, हसा, बोला, ही तपासणी त्यांनीच शिकवली." त्यांनी धोटा हातात घेऊन उगाच फिरवला. "तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपून आठ दिस झालते. आणतो आणतो म्हणत होतो. मागाचं सामान आणायला मात्र दोनदा जाऊन आलतो. आन जेवणात रोज खारी मिरची, लोणचं, मलाच लागायचं, म्हणून तीबी खायची."

राग आला मला. कुणाचा ते सांगता येत नाही. त्या रहाटाचा, त्या आठ दिवसांचा, घरोघरी मान खाली घालून काम करणाऱ्या बायकांच्या तोंडाकडे तीन तास कुणी बघत नाही याचा. माझा स्वतःचाही. माझ्या तोंडाकडे सकाळी बघणारं या गल्लीत एकच माणूस आहे, आणि मी त्याला यापुढे बघू नका म्हणून सांगायला आले होते.

"आणि ते वाक्य?" मी विचारलं. "तो ताणा-बाणा? ते कुठल्या डॉक्टरांनी दिलं?"

अण्णा पहिल्यांदाच जरा लाजले. "ते हिचं हाय. ही शापूरची. लग्नात उखाणा घ्यायला लावला तर येईना. मग डोस्कं वर करून म्हणाली, वडगावचा ताणा, शापूरचा बाणा. सगळी हसली." त्यांनी खिडकीकडे हात केला. "दवाखान्यातल्या बाईनं सांगितलतं, ओळखीचं बोलणं सारकं कानावर पडूद्या, जीभ हळूहळू सुटंल. मी रोज म्हणायचो. ती माझ्या एकट्याच्या आवाजाला कटाळली. मग म्हटलं, तुमची तपासणी बी होतीया, आन हिला बी चार आवाज ऐकाय मिळत्यात. रोज सकाळी ही खिडकीला कान लावून बसतीया. तुमचा आवाज आला की मान हलवतीया. शाळंतल्या बाईचा आवाज ना, खणखणीत."

मी शांताक्कांकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. तोंडाचा एक कोपरा हलला.

"म्हणतात का त्या?" मी विचारलं.

"अजून न्हाय."

आता मात्र माझा संयम सुटला. बत्तीस वर्षांत पहिलीचे कितीतरी वर्ग घेतलेल्या बाईला हे कसं सोसावं?

"कशा म्हणतील?" मी म्हटलं. "अहो, आम्ही आख्खं वाक्य म्हणून मोकळे होतो. मग त्यांनी कशाला म्हणायचं? पोराला बोलतं करायचं असेल तर आपण अर्ध्यावर थांबायचं असतं. उरलेलं त्याच्या तोंडातून येईपर्यंत गप्प राहायचं असतं. तीन वर्षं तुम्ही चुकीच्या पद्धतीने शिकवताय."

अण्णांनी मान खाली घातली. माझ्या वर्गातली पोरं घालायची तशीच.

मी जायला वळले तेव्हा त्यांनी माझ्या हातात मामांची डबी दिली. आतली तंबाखू काढून तिच्यात भाजलेली बडीशेप गच्च भरली होती. "पावण्यांना सांगा, चुकलं म्हणून," ते म्हणाले. मग दारापर्यंत आले. "बाई, गोळी घेतलासा?"

"नाही," मी म्हटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा खरं सांगितलं. घरी जाऊन आधी गोळी घेतली, मग चप्पल काढली.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला मी दुधाची पिशवी घेऊन परत येत होते. आपणहून त्या खिडकीपुढे जाऊन उभी राहिले. अण्णा बाहेर आले. मी पिशवी त्यांच्या हातात दिली, दोन्ही हात वर केले. हसले, जमेल तेवढं. मग खिडकीकडे तोंड करून, शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा त्या आवाजात म्हटलं, "वडगावचा ताणा..."

आणि थांबले.

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी डोळ्यांनीच त्यांना दटावलं, गप्प उभे राहा. समोरची पोरं खिदळायची थांबली. दंड भरून आले, पण मी हात खाली घेतले नाहीत. वर्गात शांतता सोसायला शिकावं लागतं, ती मी शिकलेली आहे.

बराच वेळ काही झालं नाही. मग खिडकीच्या आतून, घशातून ओढून काढल्यासारखा, जाडाभरडा आवाज आला. "शा..." पुन्हा थांबला. "शा-पू-र..."

पुढचं आलं नाही. अण्णांच्या मुठीत पिशवी आवळून फुटली आणि त्यांच्या पायावर दुधाची धार लागली, ती त्यांना कळली नाही. मी हात खाली घेतले आणि म्हटलं, "उद्या पुढचं घेऊ."